जुने गेम खोल, नवे उथळ? जरा पाण्यात उतरून पाहू

एप्रिल २०२५ मध्ये 'ऑब्लिव्हियन' हा २००६ सालचा, मोकळ्या जगात भटकायचा व्हिडिओ गेम नव्या रूपात पुन्हा आला. आधी गाजावाजा नाही, ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी विक्रीला. कॉलेजात असताना ज्यांनी तो रात्र रात्र जागून खेळला होता ते आता पस्तिशी-चाळिशीत आहेत. त्यांनी तो पुन्हा घेतला, आणि त्याबरोबर एक जुना वादही पुन्हा सुरू झाला. पूर्वीच्या गेममध्ये दम होता, डोकं लागायचं. हल्लीचे गेम दिसायला देखणे, पण आत काही नाही, असं एका बाजूचं म्हणणं.

यात एक गोष्ट सहज विसरली जाते. हाच 'ऑब्लिव्हियन' २००६ मध्ये पहिल्यांदा आला, तेव्हा याच मालिकेतल्या आधीच्या 'मोरोविंड'चे चाहते नेमकं हेच म्हणत होते: सगळं सोपं करून टाकलं, खोली गेली. तेव्हा जो उथळ ठरला तोच आज खोल वाटतो. म्हणजे ही तक्रार निव्वळ आठवणींचा खेळ आहे का? मला तसं वाटत नाही. मी दोन्ही काळांतले गेम खेळलो आहे आणि माझं मत असं की तक्रार अर्धी खरी आहे. ती कुठली अर्धी, हे कळायला आधी 'खोली' या शब्दाकडे बघावं लागेल.

खोली म्हणजे नेमकं काय?

नियम शिकून झाल्यावर खेळात शिकण्यासारखं किती उरतं, ती त्या खेळाची खोली.

सापशिडी घ्या. नियम पाच मिनिटांत कळतात आणि त्यापुढे शिकायला काहीच नसतं. दान पडेल तसं सरकायचं. आजोबांचा पन्नास वर्षांचा अनुभव आणि नातवाचा पहिलाच डाव, दोघांची जिंकण्याची शक्यता सारखी. बुद्धिबळात सहा प्रकारची मोहरी, चौसष्ट घरं. नियम एका दुपारी शिकून होतात. पण नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तो याच सहा मोहऱ्यांवर, आणि ती अजूनही शिकतेच आहे.

इथे एक घोटाळा होतो. नियम, आकडे, बटणं पुष्कळ असली की खेळ खोल, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. त्याला किचकटपणा म्हणायचं. तहसील कचेरीतला अर्ज किचकट असतो, पण एकदा भरायला जमला की त्यात पुन्हा विचार करण्यासारखं काही नसतं. उलट १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाझितनोव्ह यांनी बनवलेला 'टेट्रिस' बघा. सात आकार, ते वरून पडतात, फिरवायचे आणि बसवायचे. एवढंच. चाळीस वर्षं झाली, तरी त्याच्या स्पर्धा भरतात आणि खेळाडू नवी तंत्रं शोधतात.

म्हणून "मोरोविंडमध्ये पात्राला शिकता येणारी २७ कौशल्यं होती, ऑब्लिव्हियनमध्ये २१ झाली, त्यापुढच्या, २०११ च्या स्कायरिममध्ये १८ उरली, बघा कसा ऱ्हास झाला" हा युक्तिवाद मला पटत नाही. आकडे बरोबर आहेत. पण त्या सत्तावीसमधली कित्येक कौशल्यं कुणी वापरतच नव्हतं. मसाल्याच्या डब्यात वाट्या सात आहेत की नऊ यावर आमटी ठरत नाही.

मग खरोखर काही हरवलं का? हरवलं. फक्त ते या आकड्यांत दिसत नाही.

पत्ता विचारणं आणि निळी रेघ

मोबाईलवर नकाशे येण्यापूर्वी अनोळखी गावात एखाद्याचं घर शोधायचं असेल तर एसटी स्टँडवर उतरून विचारायला लागायचं. "सरळ जा, मारुतीचं देऊळ लागेल, त्याच्या मागून डावीकडची बोळ धरा, हापशी दिसली की समोरचं कौलारू घर." हे लक्षात ठेवायचं, चालताना देऊळ शोधायचं, चुकलं की पुन्हा कुणाला तरी विचारायचं. पोहोचेपर्यंत ते गाव थोडंफार ओळखीचं झालेलं असायचं. आता फोनवर निळी रेघ असते. आपण तिच्यावरून चालतो आणि पोहोचतो. देवळावरून गेलो की नाही, हे नंतर सांगता येत नाही.

'मोरोविंड' (२००२) पहिल्या पद्धतीचा गेम आहे. सुरुवातीलाच तुम्हाला आर्कंगथांड नावाच्या पडक्या वास्तूतून एक पुरातन पेटी आणायला पाठवतात. नकाशावर खूण नाही. तुमच्या गेममधल्या रोजनिशीत साधारण अशा ओळी पडतात: बालमोरा गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पड, नदी ओलांड, मूनमॉथ किल्ला गाठ, तिथून ईशान्येला जुना पूल लागेल, तो ओलांडून पलीकडच्या चढावर जा, नळावरची कळ फिरवलीस की दार उघडेल.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पूल सापडायलाच रात्र झाली, गेममधलीही आणि घरातलीही. पूल सापडला, दार सापडलं, आत गेलो आणि थेट तळापर्यंत उतरून सगळं धुंडाळलं. पेटी नाही. ती होती दारापासून अगदी जवळच्या दालनात, फळीवर ठेवलेली, मुठीएवढी. या पेटीने जगभर कितीतरी खेळाडूंना असंच फिरवलं आहे. पण त्या भटकंतीत मला तो पूल, ती राखेने भरलेली दरी, त्या वास्तूतला प्रत्येक जिना पाठ झाला. आजही डोळे मिटून त्या वाटेने जाता येईल.

'ऑब्लिव्हियन'मध्ये पडद्यावर होकायंत्राची पट्टी आली आणि तिच्यावर जायच्या ठिकाणाची खूण. 'स्कायरिम'मध्येही तेच. तिकडे मी शेकडो तास घालवले, पण पाठ झालेल्या वाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पाय खुणेमागे जात होते, डोळे त्या पट्टीवर होते.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. 'मोरोविंड'मध्ये कथेतल्या महत्त्वाच्या माणसालासुद्धा तुम्ही मारू शकता. मारलंत की संदेश येतो: भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, आधी साठवून ठेवलेला खेळ उघडा, नाहीतर तुम्हीच घडवलेल्या या शापित जगात राहा. पुढे खेळायला गेम अडवत नाही. आणि खूप खोलात शिरलं तर त्या तुटलेल्या धाग्यानंतरही कथा पूर्ण करण्याची एक आडवाट ठेवलेली आहे. 'ऑब्लिव्हियन'मध्ये अशी माणसं मरतच नाहीत. तलवार चालवली की बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने अंग झटकून उठतात.

हरवलं ते हे. खेळाडू चुकू शकतो, आणि चुकला तरी सावरून घेईल, हा भरवसा गेम बनवणाऱ्यांनी काढून घेतला.

"मग खूण बंद करून खेळा की!"

हा आक्षेप नेहमी येतो आणि ऐकायला अगदी रास्त वाटतो. कुणी बळजबरी केली आहे का? सेटिंगमध्ये जा, खूण बंद करा.

करून बघितलं की अडचण कळते. 'स्कायरिम'च्या रोजनिशीत बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: अमुक गुहेतून तमुक वस्तू आणा. गुहा कुठे आहे, कुठल्या नदीकाठी, कुठल्या गावाच्या वर, याचा पत्ता नाही. ज्या माणसाने काम सांगितलं तोही सांगत नाही. खूण आहेच, हे धरून संवाद लिहिले गेले. निळी रेघ पुसली आणि विचारायला गावात माणूसच नाही, असं होतं. सोय वर चिकटवलेली नसते, बांधणी तिच्या आधाराने झालेली असते. त्यामुळे ती नुसती काढून चालत नाही.

हे मोठ्या कंपन्यांनी का केलं?

आळस किंवा खेळाडूंबद्दल तुच्छता, असं कारण सर्रास दिलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. खरी कारणं पैशाची आणि आवाजाची आहेत.

आधी आवाज. 'मोरोविंड'मध्ये माणसं बहुतांशी लिखित मजकुरातून बोलतात. पत्त्यात पूल उत्तरेऐवजी पूर्वेला करायचा असेल तर एक शब्द बदलायचा. 'ऑब्लिव्हियन'पासून सगळे संवाद नटांच्या आवाजात आले. आता पूल हलवला की नटाला पुन्हा स्टुडिओत बोलवा, आणि गेम चार भाषांत असेल तर चौघांना बोलवा. साहजिकच संवाद आखूड झाले आणि पत्ता सांगायचं काम खुणेकडे गेलं.

आता पैसा. मायक्रोसॉफ्टच्या एका मोठ्या खरेदीवरून २०२३ मध्ये अमेरिकेत खटला चालला. त्यात सोनीने दिलेल्या कागदपत्रांतले आकडे काळ्या पेनाने खोडले होते, पण स्कॅन केल्यावर ते वाचता येत होते. त्यामुळे एरवी गुलदस्त्यात राहणारी माहिती उघड झाली. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर लागले आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला सुमारे २१ कोटी. 'होरायझन'वर सर्वाधिक काम होतं तेव्हा ३०० माणसं त्यावर राबत होती.

एवढा पैसा लावल्यावर गेम लाखो लोकांना आवडावा लागतो. त्यात दिवसभर काम करून रात्री दहाला तासभर खेळायला बसणारे असतात, आणि आयुष्यातला पहिलाच गेम हातात घेतलेलेही असतात. पेटी सापडली नाही म्हणून दर दहांतला एक जण गेम सोडून देत असेल तर ते परवडत नाही. चारशे पानं जेवायची असली की आचारी तिखट कमीच घालतो. त्याला स्वयंपाक येत नाही म्हणून नव्हे. पंगतीत लहान मुलंही बसणार आहेत, म्हणून.

"पण जुने गेम खरंच एवढे खोल होते का?"

तक्रारीची दुसरी अर्धी बाजू इथे ढासळते.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम आले. पिवळी किंवा काळी कॅसेट, चालली नाही की फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९९९ गेम, आणि आत निघायचे तेच दहा-वीस, नावं बदलून. त्यातला 'कॉन्ट्रा' सगळ्यांचा लाडका. तो सरावाने अर्ध्या-पाऊण तासात संपतो. महिनोन्महिने पुरायचा, कारण तो निर्दय होता. गोळी लागली की जीव गेला, जीव आणि उरलेल्या संधी संपल्या की पहिल्यापासून. यात कठीणपणा होता, कौशल्यही होतं, पण कठीण असणं आणि खोल असणं एक नाही. अनेक जुन्या गेमचा हा कठीणपणा व्हिडिओ गेम पार्लरमधून आलेला होता. तिथल्या मशीनमध्ये नाणं टाकून खेळायचं, त्यामुळे खेळाडू लवकर हरणं हा मशीनवाल्याचा धंदा होता.

शिवाय आठवणीत फक्त चांगलेच गेम राहतात. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कारणं बरीच, पण सुमार गेमचा सुळसुळाट हे त्यातलं मोठं. अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाबाहेर कचऱ्याच्या डेपोत पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या गेल्या. आपण 'मोरोविंड'ची तुलना आजच्या सरासरी गेमशी करतो. पुरलेल्या कॅसेटींशी कुणी करत नाही.

आणि एक कबुली द्यायलाच हवी. 'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) हा अतिशय खोल खेळ आहे. कुठली लाकडं कधी तोडायची, शेतं कधी लावायची, कितव्या मिनिटाला पुढच्या युगात जायचं, यावर आजही स्पर्धा जिंकल्या-हरल्या जातात. पण सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही तो कसा खेळायचो? चीट कोड, म्हणजे फसवून जिंकायचा गुप्त शब्द, मारायचा, बंदुका लावलेली निळी मोटार बोलवायची आणि तिच्याने अख्खं साम्राज्य उद्ध्वस्त करायचं. खोली समोर होती. आम्ही काठावरच डुंबत होतो. त्या खेळाची खरी ओळख मला पुष्कळ उशिरा झाली, २०१९ ची सुधारित आवृत्ती आल्यावर. २०२२ मध्ये त्यात भारतावरचा विस्तार आला आणि द्रविड, बंगाली, गुर्जर असे नवे संघ आले. तेवीस वर्षांच्या खेळाचं पाणी अजून वाढतं आहे.

मोबाईलवरचे फुकट गेम

इथे मात्र तक्रार शंभर टक्के मान्य. 'कँडी क्रश'मध्ये (२०१२) पाच जीव मिळतात. संपले की एक जीव परत यायला अर्धा तास थांबा, किंवा पैसे भरा. हरण्यातून काय शिकलात यापेक्षा थांबायचा कंटाळा किती आला, यावर अशा गेमचं उत्पन्न उभं असतं. पार्लरच्या नाण्याचीच ही पुढची पायरी, फक्त मशीन आता खिशात आहे. ज्या घरात मुलाच्या हाती फक्त असे गेम पडतात, तिथे "गेम म्हणजे वेळेची नासाडी" हे मत तयार होतं, आणि त्या घरापुरतं ते चुकीचंही म्हणता येत नाही.

मग खोली आता कुठे आहे?

पुष्कळ ठिकाणी, आणि काही ठिकाणी पूर्वीपेक्षा जास्त. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' दोन भावांनी २००२ पासून घडवत आणलेला गेम आहे. बुटक्यांची एक वसाहत सांभाळायची, पण त्यातल्या प्रत्येकाला स्वभाव, आठवणी, नाती असतात. 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) मध्ये तुमची ताकद वाढत नाही, नवं शस्त्र मिळत नाही. वाढतं ते फक्त तुमचं ज्ञान. त्यामुळे तो आयुष्यात एकदाच खऱ्या अर्थाने खेळता येतो. 'एल्डन रिंग' (२०२२) ने कामांची यादी दिलीच नाही, खुणाही जेमतेम, तरी तीन आठवड्यांच्या आत त्याच्या एक कोटी वीस लाख प्रती गेल्या. आणि 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) ने तर आवाजाचं कारणही अडवू शकत नाही हे दाखवलं: सगळे संवाद आवाजी, तरी जवळपास कुणालाही मारा, गेम त्यातून वाट काढतो. त्यासाठी तो जवळपास तीन वर्षं अर्धवट स्थितीत लोकांच्या हाती देऊन, त्यांचं ऐकत ऐकत पूर्ण केला गेला. एवढा धीर आणि एवढा पैसा एकत्र असणं दुर्मीळ, हेही खरं.

मोठ्या कंपन्यांनाही तक्रार ऐकू गेली आहे. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८) मध्ये एक पर्याय आला: खूण नको, सांगोवांगी पत्ता द्या. तो निवडला की माणसं सांगतात, अमुक प्रांतात, तमुक देवळाच्या पूर्वेला. मारुतीच्या देवळामागची बोळ परत आली.

"पण आता सगळं यूट्यूबवर मिळतं"

या आक्षेपावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नवा गेम आला की दोन दिवसांत त्याच्या प्रत्येक कोड्याचं उत्तर, सर्वांत बलवान शस्त्र, सर्वांत जवळची वाट, सगळं व्हिडिओत हजर. विहीर कितीही खोल खणा, पोहरा भरून वर आलेला. पूर्वी आपण अडलो की मित्राला विचारायचो, आणि त्यालाही माहीत नसायचं. त्या अडून बसण्यात पुष्कळ शिकणं होतं. हे गेम बनवणाऱ्याच्या हातात फारसं नाही.

पण काही गेम एवढं करतात की एकच उत्तर ठेवत नाहीत. 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) मध्ये आग, वारा, पाणी, धातू यांचे साधे नियम आहेत आणि ते सगळीकडे सारखे चालतात. लाकूड पेटतं, पावसात जाळ विझतो, विजा चमकत असताना अंगावर लोखंड असेल तर वीज तुमच्यावर पडते.

गेल्या दिवाळीत भाचा आमच्याकडे राहायला आला होता, नऊ वर्षांचा. त्याला मी हा गेम लावून दिला आणि बाजूला बसलो. सुरुवातीच्या पठारावर एक बर्फाचा डोंगर आहे. तो चढायला लागला आणि थंडीने जीव कमी व्हायला लागला. परत फिरला, पुन्हा चढला, पुन्हा तेच. मला उत्तर माहीत होतं. पायथ्याशी लाल मिरच्या मिळतात, त्या घालून काही शिजवून खाल्लं की थंडी बाधत नाही. तिथल्या म्हाताऱ्याला त्याची विसरलेली पाककृती सांगितली तर तो ऊबदार अंगरखाही देतो. मी गप्प राहिलो. फोन मागेल आणि शोधेल असं वाटलं होतं.

तो थोडा वेळ शेकोटीजवळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, इथे उभं असलं की थंडी वाजत नाहीये. जाळ हातात धरून नेला तर?"

मी म्हटलं, "बघ नेऊन."

त्याने पलिता पेटवला आणि चढायला लागला. अर्ध्या वाटेवर नदी आडवी आली. तो काठावर थांबला. पाण्यात उतरलं की जाळ विझणार, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने मागे वळून काठावरच्या एका उंच झाडाकडे बघितलं, आणि सामानातली कुऱ्हाड शोधायला लागला.